सूर धरणारा

एसा-पेक्का सालोनेन हे नाव पासबुकात लिहायचं तर दोन ओळी जाणार. या फिनलंडच्या गृहस्थांनी २००३ साली ‘मेमोरिया’ रचलं. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून (हे वाद्याचं नाव, वादक बसलेले असतात हा योगायोग). तबला नाही, त्यामुळे मान कुठे हलवायची ते कळेना. शेवट मात्र संथ, भारदस्त, त्याच वर्षी वारलेल्या बेरिओ या इटालियन संगीतकाराच्या आठवणीतला. तो आत भिडला.

ओबो आपल्या सनईचा भाऊच, दोघांच्याही तोंडी दुहेरी पत्ती. पण तिथे पाचही जणांना बोलू देतात हो! आमच्या सातारा-सांगलीकडच्या लग्नात एकजण सनई वाजवतो, दुसरा नुसता सूर धरून गाल फुगवतो. श्रीफळ पहिल्याला. दुसरा थांबला, तर ऐन मुहूर्तावर सनई उघडी पडेल.