चंद्रहासाला कोणी वाचविले?

माझे शिक्षण नारदीय गादीवरचे. तुळशीची माळ गळ्यात पुढे पडली. त्यामुळे उत्तररंगात आख्यान लावायची सवय, आणि त्यात चंद्रहास माझा हातखंडा. पंढरीत राहिलेल्या श्रीधरस्वामींनी जैमिनी अश्वमेध मराठी ओवीत आणला, त्यातली ही कथा. तीसेक वर्षे मी ती 'दैव बलवत्तर' या एकाच सिद्धांतावर सांगितली. ते चुकले, असे आता वाटते.

'याला विष द्यावे' असे पत्र धृष्टबुद्धी प्रधान चंद्रहासाच्याच हाती देतो. तो बागेत झोपला असता प्रधानाची मुलगी विषया ते वाचते आणि काजळाने अक्षर वाढवून 'विषया द्यावी' असे करते. ही जागा आली की श्रोते टाळ्या वाजवीत. मीही पेटीवाल्याला खूण करून जरा थांबत असे.

एकदा यवतमाळकडच्या एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक बाई जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "बुवा, माह्या पोरानं फवारनीचं औषध घेतलं. थे विष बदलवाले कोनी आलं नाई. त्याचं दैवच खोटं होतं का जी?" मी बुक्का लावला आणि उत्तर न देता गाडीत बसलो.

नागपूरला येऊन पोथी पुन्हा उघडली. प्रधानाने मारेकरी धाडले होते. त्यांना पोराची दया आली. पायाचे सहावे बोट खूण म्हणून कापून नेले आणि पोर रानात सोडले. आम्ही बुवा सांगतो, ते बोट अशुभ होते, ते गेले आणि भाग्य उघडले. पण सुरी कोणाच्या हाती होती? लबाडी उघडी पडती तर त्या मारेकऱ्यांचीच मान गेली असती. पुढे कुलिंदाने परक्याचे मूल उचलून घरी नेले. विषयेने बापाच्या पत्रात हात घातला. जिथे जिथे मी दैव म्हणत होतो, तिथे तिथे कोणीतरी माणूस उभा आहे. आणि 'हा मुलगा तुझ्या संपत्तीचा धनी होईल' हे भविष्य सर्वांत खरे मानले कोणी? प्रधानाने. आख्यानातला पक्का दैववादी तोच!

नातवाने एक इंग्रजी अद्भुत कादंबरी समजावून सांगितली. टोल्किन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांची, १९५४-५५ मध्ये तीन भागांत निघालेली, एका दुष्ट अंगठीची. बिल्बोला ती अंधाऱ्या गुहेत चाचपडताना सापडते. ती त्याला सापडायचीच होती, असे त्यातला वृद्ध जादूगार म्हणतो. पण त्याच गुहेत बिल्बोने गॉलम नावाच्या दीनवाण्या जीवाला मारता येत असूनही सोडले. शेवटी अंगठी अग्नीत टाकायच्या क्षणी फ्रोडोचेच मन फिरते, तेव्हा हा गॉलम त्याचे बोट चावून तोडतो आणि अंगठीसकट आगीत पडतो. इथेही बोटच, पाहा! ते पडणे मला फार सोयीचे वाटले. पण तो तिथवर जिवंत पोचला तो दयेमुळे, हे ग्रंथकाराने सोडलेले नाही.

आमच्या आख्यानातही सोयीची जागा आहे. चंद्रहासाऐवजी प्रधानाचा मुलगा मदन देवळात जातो आणि मारला जातो. विषयेचा हा सख्खा भाऊ, त्याचा काही दोष नाही. मग चंद्रहास देवीला आळवतो आणि मदन उठून बसतो. त्या बाईंचा मुलगा उठायचा नव्हता. तिथे कथा मला अपुरी पडते, आणि ते झाकून मी वर्षानुवर्षे आरतीला वळलो.

गादी सोडण्यापूर्वी धापेवाड्याला विठोबापुढे हे आख्यान शेवटचे लावले. मारेकऱ्यांपाशीच अर्धा तास थांबलो. त्यांना नावे नाहीत, म्हणून आजवर दोन वाक्यांत उरकत होतो. काजळाच्या जागी टाळ्या कमी पडल्या. पेटीवाला म्हणाला, "बुवा, आज रंग नाही भरला." त्या बाईंच्या गावाला मात्र अजून जाणे झालेले नाही.