लाल काठ कुठे गेला?

डिजिटल चित्रकाराचं मूळ चित्र नेमकं कुठे असतं? भिंतीवर नाही, कॅनव्हासवरही नाही. ते त्याच्या टॅबमधल्या एका फाइलमध्ये असतं आणि ती फाइल त्याच्याशिवाय सहसा कुणी उघडत नाही. आपण बघतो, लाइक करतो ती सोशल मीडियाने काढलेली प्रत. म्हणूनच इमेज कॉम्प्रेशन हा मला समीक्षेचाही विषय वाटतो.

आधी हिशेब बघा. ४००० बाय ५००० चं चित्र म्हणजे दोन कोटी पिक्सेल. इन्स्टाग्रामने वर्षानुवर्षं रुंदी १०८० वर रोखून धरली. १०८० बाय १३५० मध्ये उरतात साधारण साडेचौदा लाख. मग येतं जेपेग. १९९२ साली प्रमाणित झालेली ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि त्यातले बारकावे आधी उडवते. डोळ्याला उजेडातला फरक जास्त कळतो, रंगातला कमी. म्हणून रंगाची नोंद बहुतेकदा चार पिक्सेल मिळून एकच ठेवली जाते.

फोटोत हे खपून जातं. चित्रात नाही. गडद हिरव्या साडीला गडद लाल काठ काढलाय असं समजा. दोन्हींचा उजेड जवळपास सारखा, फरक आहे तो फक्त रंगाचा. नेमका तोच फरक पुसट होतो आणि काठ साडीत विरघळतो. संध्याकाळच्या आभाळात पट्टे उमटतात, काळ्या रेषेभोवती धूळ साचल्यासारखी दिसते. कोपऱ्यातली बारीक सही तर वाचताच येत नाही. चित्र फॉरवर्ड होत जातं, नाव मागे राहतं.

याच्याही बाजूने बोलणारे आहेत. हिटो श्टायर्ल यांनी २००९ च्या एका गाजलेल्या निबंधात अशा 'गरीब प्रतिमे'ची पाठराखण केली. एरवी बघायलाच न मिळणारे सिनेमे खराब प्रतींमुळे लोकांपर्यंत पोचतात, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. थॉमस रूफ या जर्मन छायाचित्रकाराने तर नेटवरच्या हलक्या प्रतिमा भिंतीएवढ्या मोठ्या केल्या आणि जेपेगचे चौकोन हाच विषय केला. पण रूफने ते चौकोन स्वतः निवडले. पोस्ट टाकणाऱ्या मुलीला ती निवड मिळत नाही.

प्रत काढताना काहीतरी हरवतं, हे आपल्याकडे जुनंच आहे. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. तैलचित्राची ओलिओग्राफ झाली की रंगांची खोली कमी व्हायची, पण देव घराघरांत पोचले. तिथे मात्र दगडावर चित्र उतरवणारा कारागीर होता. काय ठेवायचं, काय सोडायचं हे तो चित्र बघून ठरवायचा. आजचं गणित चित्र बघत नाही, फक्त चौकोन मोजतं.

मला जास्त काळजी वाटते ती हाताची. काय टिकतं हे कळलं की चित्रकार तेच काढायला लागतो: मोठा चेहरा, ठळक आकार, उजेड-अंधाराचा जोरदार फरक. गर्दीचं, बारकाव्यांचं, अंधारातल्या अंधाराचं चित्र मागे पडतं. मग सगळ्यांची शैली एकसारखी दिसते म्हणून आपण नाकं मुरडतो. त्यातलं किती त्या चित्रकाराचं आणि किती १०८० पिक्सेलांचं, हे विचारत नाही.

काही जण चोरीच्या भीतीने मुद्दाम लहान प्रत टाकतात. तीही बाजू खरी आहे. पण काय दाखवायचं आणि काय राखून ठेवायचं, तो निर्णय त्यांचा असतो.

म्हणून एखाद्या डिजिटल चित्रावर लिहिण्याआधी मी मूळ फाइल मागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, एवढंच सांगावं लागतं. तुम्हाला एखादं चित्र मनापासून आवडलं तर तुम्हीही एकदा मागून बघा, जमलं तर प्रिंट विकत घ्या. हिरव्या साडीला काठ होता की नाही, हे तेव्हाच कळेल.