घरगुती फ्लाइट सिम्युलेटर आणि वैमानिकाचे शिक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना

ब्रूस आर्टविक यांच्या कामावर आधारलेला ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ १९८२ मध्ये बाजारात आला. तेव्हापासून घरच्या संगणकावरील विमानोड्डाण हा केवळ खेळ आहे की शिक्षण, हा वाद चालू आहे. या साधनाला वैमानिक प्रशिक्षणात नेमके कोणते स्थान द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

जमिनीवर राहून उड्डाण शिकण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातील भात्यांच्या तंत्रावर आपला ‘लिंक ट्रेनर’ उभा केला. १९३४ मध्ये टपाल वाहतुकीचे काम सैन्याकडे आले आणि खराब हवामानात अनेक वैमानिक दगावले. त्यानंतरच सैन्याने हे यंत्र विकत घेतले. लिंक ट्रेनरमध्ये हालचाल होती, दृश्य नव्हते. घरगुती सिम्युलेटरमध्ये दृश्य आहे, हालचाल नाही. हा भेद पुढील विवेचनाचा पाया आहे.

सामर्थ्य

२००६ च्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’मध्ये उड्डाण-शिक्षक रॉड मचाडो यांचे क्रमबद्ध पाठ होते. २०२० च्या आवृत्तीत सेसना १५२ या छोट्या विमानावर प्राथमिक धडे दिले जातात. ‘एक्स-प्लेन’ पंखांचे व पंख्याचे लहान भाग कल्पून प्रत्येक भागावरील बलांचे गणित करते. तपासणीचा क्रम, उपकरणांचे वाचन, रेडिओ दिशादर्शन, वाऱ्यामुळे मार्गापासून होणारे विचलन या गोष्टी अशा साधनावर उत्तम शिकता येतात. चूक झाली तर उड्डाण थांबवून तीच कृती पुन्हा करता येते, इंधनाचा खर्चही होत नाही. बुद्धीने शिकायच्या गोष्टी येथे चांगल्या साधतात, असे म्हणता येईल.

मर्यादा

मात्र उड्डाण केवळ बुद्धीने होत नाही. विमान एका बाजूला कलवताना नाक उलट दिशेला ओढले जाते व ते पायाने सावरावे लागते. घरी पायपट्ट्या नसल्या की संगणक हे काम परस्पर करतो आणि विद्यार्थ्याचे पाय अशिक्षितच राहतात. छोट्या पडद्यावर आजूबाजूचे आकाश दिसत नाही. त्यामुळे नजर उपकरणांवर खिळण्याची सवय जडते. निरभ्र आकाशात नजर बाहेर ठेवणे अपेक्षित असल्याने ही सवय प्रशिक्षकाला प्रयत्नपूर्वक मोडावी लागते.

याहून गंभीर उणीव ढगांतील उड्डाणाची आहे. ढगात कानातील संतुलनेंद्रिय वैमानिकाला फसवते. विमान वळत असताना ते सरळ जात असल्याचा भास होतो. हा भास नाकारून उपकरणांवर विश्वास ठेवणे हेच त्या प्रशिक्षणाचे मर्म आहे. स्थिर खुर्चीत हा भास निर्माणच होत नाही, मग त्यावर मात करणे कोठून शिकणार? उलट घरी सहज यश मिळालेल्या विद्यार्थ्याला आपण या कसोटीस उतरलो आहोत असा खोटा विश्वास वाटू शकतो.

मान्यतेचा प्रश्न

अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक यंत्रणेने, एफएएने, याबाबत विवेकी भूमिका घेतली आहे. २०१६ च्या नियमांनुसार उपकरण-उड्डाणाच्या परवान्यासाठी लागणाऱ्या ४० तासांपैकी साध्या मान्यताप्राप्त साधनावर १० व प्रगत साधनावर २० तासांपर्यंत श्रेय मिळते. परंतु साधन मान्यताप्राप्त हवे आणि अधिकृत प्रशिक्षक उपस्थित हवा. म्हणजेच मान्यता सॉफ्टवेअरला एकट्याला नसून सॉफ्टवेअर, सामग्री व शिक्षक यांच्या संयोगाला आहे.

समारोप

भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते व त्याचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाला पेलवणारा नाही. म्हणून घरगुती सिम्युलेटरचे आकर्षण समजण्यासारखे आहे. मात्र स्वस्त साधनाला पर्याय मानण्याची चूक गरीब विद्यार्थ्यालाच सर्वाधिक महाग पडेल, कारण चुकीच्या सवयी मोडण्यासाठी लागणारे जादा तास त्यालाच परवडणार नाहीत. भौतिकशास्त्र व भूगोलाच्या वर्गात हे साधन अवश्य वापरावे. वैमानिक प्रशिक्षणात त्याचे स्थान पूर्वतयारीचे आणि उजळणीचे आहे. चुकीची सवय जडण्याआधीच ती ओळखून थांबवणारा शिक्षक जवळ असेल, तरच ते शिक्षणाचे साधन ठरते.