जिमी पलीकडे, घरही पलीकडे

रेगेन्सबर्गच्या दगडी पुलावर उभे राहिलात की समोर श्टाटआमहोफ दिसतं. आज एकच शहर, पण १८१० पर्यंत पुलाची दोन टोकं दोन राज्यांत होती. पूल होता, सरहद्दही होती. मारिओस पिपेरिदेसचा 'स्मगलिंग हेंड्रिक्स' (२०१८) बघताना हे आठवा.

निकोसियातला यान्निस कर्जात बुडालेला, देश सोडायच्या बेतात. तेवढ्यात त्याचा कुत्रा जिमी पळून सायप्रसच्या उत्तर भागात जातो. माणूस पासपोर्ट दाखवून ये-जा करतो, पण युरोपीय नियमांमुळे कुत्र्याला परत आणता येत नाही! तुम्ही हसाल, आणि मग थांबाल. कारण यान्निसच्या बालपणीच्या घरात आता हसन राहतो. त्याचे आईवडील तुर्कस्तानातून आलेले, पण तो मात्र जन्मला याच बेटावर. मग घर कुणाचं?

माझी तक्रार इथेच आहे. दोघांची दोस्ती जमली की सिनेमा हा प्रश्न अलगद बाजूला ठेवतो. दोस्तीने सातबारा बदलत नाही हो. २००४ च्या सार्वमतात उत्तरेने ६५ टक्के होकार दिला, दक्षिणेने ७६ टक्के नकार. २०१७ ला क्राँ-मोंतानात बोलणी फिसकटली. २०२५ मध्ये उत्तरेत संघराज्याच्या बाजूचे तुफान एर्हुर्मान निवडून आले, म्हणून थोडी आशा वाटते. पण हसनला कुठे ठेवायचं, हे टेबलावर बसलेल्यांना ठरवावंच लागेल.

तुमच्यापैकी ज्यांचा जन्म इथला आणि 'मूळ गाव' तिकडचं, त्यांनी सिनेमा हसनच्या बाजूने बघा.