शिवगडचा कालानुक्रम : अतिमानवी चित्रपटमालिका आणि सातत्याचा वाद

चित्रपटमालिका कोणत्या क्रमाने पाहावी, हा प्रश्न अलीकडे नवी मुंबईतील आमच्या वर्गांत कवितेच्या प्रश्नापेक्षा अधिक हिरीरीने चर्चिला जातो. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून सुरू झालेल्या मार्व्हल मालिकेत प्रदर्शनाचा क्रम पाळावा, की १९४० च्या दशकात घडणारा ‘कॅप्टन अमेरिका’ (२०११) आधी पाहावा, यावर विद्यार्थ्यांत दोन तट पडतात. ‘स्पायडर-मॅन : होमकमिंग’ (२०१७) मधील ‘आठ वर्षांनंतर’ ही पाटी आधीच्या चित्रपटांच्या कालगणनेशी जुळत नाही, हे दाखवून देणारा विद्यार्थी वर्गात विद्वान ठरतो. अध्यापकवर्ग या साऱ्याकडे पोरखेळ म्हणून पाहतो. प्रस्तुत लेखकाचे मत तसे नाही. दोन पाठांतील विसंगती हेरणे, कोणता भाग मूळ आणि कोणता मागाहून जोडलेला हे ठरवणे, ही संहिताचिकित्सेचीच प्राथमिक रीत आहे. प्रश्न आहे तो ही चिकित्सा कोठे थांबते, हा.

त्यासाठी परदेशी मालिकेकडे जाण्याचे कारण नाही. हिंदीतील ‘क्रिश’ मालिकेत अशी कोडी आहेतच. ‘कोई... मिल गया’ (२००३) मधील रोहितचा मुलगा तीनच वर्षांनी आलेल्या ‘क्रिश’मध्ये (२००६) तरुण आहे, आणि तरीही भोवतालचे जग दोन दशकांनी पुढे गेलेले दिसत नाही. पुढे ‘क्रिश ३’ (२०१३) आला, म्हणजे ‘क्रिश २’ नावाचा चित्रपट मुळात नाहीच. ही कोडी मौजेची आहेत. त्यांतून फारसे हाती लागत नाही.

मराठी वाचकाला अधिक जवळची, आणि अधिक अस्वस्थ करणारी, मालिका रोहित शेट्टी यांच्या पोलीसपटांची आहे. ‘सिंघम’ (२०११), ‘सिंघम रिटर्न्स’ (२०१४), ‘सिम्बा’ (२०१८), ‘सूर्यवंशी’ (२०२१) आणि ‘सिंघम अगेन’ (२०२४) असा तिचा प्रदर्शनक्रम. नायक बाजीराव सिंघम महाराष्ट्र-गोवा सीमेवरील शिवगड या काल्पनिक गावचा मराठी माणूस. त्याच्या अंगी परग्रहावरून आलेली शक्ती नाही, पण त्याच्या एका थपडेने माणसे ज्या प्रकारे हवेत उडतात, ते पाहता खाकी वर्दी हाच येथे अतिमानवाचा वेष आहे असे म्हणावे लागते.

ही मालिका आरंभापासून एकसंध कल्पिलेली नव्हती. पहिला चित्रपट हरी यांच्या ‘सिंगम’ (२०१०) या तमिळ चित्रपटावर बेतलेला, तर ‘सिम्बा’ची मूळ कथा ‘टेम्पर’ (२०१५) या तेलुगू चित्रपटाची. दोन भाषांतील, दोन वेगळ्या कुळांतील कथा एका वंशावळीत बसवण्यासाठी जो सांधा वापरला, तो म्हणजे शिवगड. सिम्बा ऊर्फ संग्राम भालेराव हाही त्याच गावचा अनाथ मुलगा ठरवला गेला आणि दोन कथांचे एक विश्व झाले. गाव हे नात्याचे प्रमाणपत्र म्हणून येथे वापरले आहे. ही युक्ती मराठी मनाला इतकी ओळखीची आहे की तिच्याविषयी शंका घेण्याचेही कोणाला सुचत नाही.

चाहत्यांच्या वादाचा मुख्य विषय दुसऱ्या चित्रपटाचे स्थान हा असतो. पहिल्या चित्रपटात काव्या (काजल अग्रवाल) ही नायिका आहे. दुसऱ्यात बाजीरावचा विवाह अवनीशी (करीना कपूर) ठरतो. काव्याचे काय झाले, याचे स्पष्टीकरण पटकथा देत नाही. काही प्रेक्षक म्हणतात, ‘सिंघम रिटर्न्स’ ही स्वतंत्र कथा समजावी. पण ‘सिंघम अगेन’मध्ये बाजीरावची पत्नी म्हणून अवनीच येते, तेव्हा हा मार्ग बंद होतो. मग काही जण पदरचे तर्क जोडतात : मोडलेले लग्न, बदली, मतभेद. हे तर्क ऐकताना एक गोष्ट जाणवते. नायकाच्या हुद्द्यातील विसंगती कोणी दाखवली तर निर्मात्याला चूक कबूल करावी लागेल अशी प्रेक्षकाची भूमिका असते. नायिका नाहीशी झाली तर मात्र तिची कारणे प्रेक्षक स्वतःच पुरवतो.

हे अपरिहार्य होते काय? तमिळ मालिकेकडे पाहिल्यास तसे दिसत नाही. ‘सिंगम २’ (२०१३) आणि तिसरा भाग (२०१७) या दोन्हींत काव्या आहे आणि ती भूमिका अनुष्का शेट्टी यांनीच केली आहे. कथा घेतली, पुढचे सातत्य घेतले नाही. त्यातही ‘सिंघम अगेन’ची रचना रामायणावर उभी आहे : अवनीचे अपहरण होते आणि तिच्या शोधासाठी सारे पोलीसविश्व श्रीलंकेपर्यंत जाते. एका स्त्रीच्या शोधावर अख्खा चित्रपट रचणाऱ्या मालिकेत दुसरीच्या शोधासाठी एक संवादही खर्ची पडत नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली (तिचे मूळ काम १९६६ मध्ये पूर्ण झाले), तेव्हा वगळलेले श्लोक तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. सुकथनकरांच्या त्या पद्धतीत वगळलेल्याचीही नोंद राहते. व्यावसायिक मालिकेत तशी तळटीप नसते. ती लिहिण्याचे काम चाहताच करू शकतो, आणि म्हणून त्याच्या वादाला मी महत्त्व देतो.

पण त्याची नजर तारखा आणि पाहुण्या भूमिका यांवर खिळलेली राहते. या मालिकेत पहिल्यापासून टिकून राहिलेले एक सातत्य आहे, ते न्यायालयाबाहेरील शिक्षेचे. ‘सिंघम’च्या अखेरीस अवघे पोलीसदल जयकांत शिक्रेवर चालून जाते. ‘सिम्बा’त बलात्काराच्या आरोपींना पोलीस ठाण्यात ठार करून ती चकमक भासवली जाते, आणि सिंघम सिम्बाच्या मदतीला येतो. ‘सूर्यवंशी’च्या अखेरीस हे तिघे एकत्र लढतात. यात कालगणनेची चूक शोधून सापडणार नाही. ‘सिंघम रिटर्न्स’ १५ ऑगस्ट २०१४ रोजी प्रदर्शित झाला. २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या मुंबईतील चकमकींविषयीच्या खटल्यात प्रथम माहिती अहवाल आणि स्वतंत्र तपास यांसह मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या ‘सिम्बा’मधील चकमक या तत्त्वांची दखल घेऊन लिहिलेली वाटत नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ‘सिंघम’च्या याच शेवटाचा उल्लेख करून असे चित्रपट घातक संदेश देतात, असे जाहीरपणे म्हटले होते.

पाहण्याच्या क्रमाविषयी मला विचारले जाते तेव्हा मी प्रदर्शनक्रमाच्या बाजूने कौल देतो. कथाकाळानुसार लावलेला क्रम जोड बुजवतो, तर प्रदर्शनक्रमात ते उघडे राहतात : कोणती कथा कोठून आणली, कोणती व्यक्तिरेखा केव्हा गळाली, कायदा कोठे बदलला आणि पटकथा कोठे बदलली नाही. मात्र ‘सिंघम’च्या आधी तमिळ ‘सिंगम’ पाहावा आणि ‘सिंघम रिटर्न्स’च्या आधी ‘सिंगम २’, अशी माझी सूचना असते. विद्यार्थी ती फारशी मानत नाहीत. भाषा कळत नाही, अशी त्यांची सबब असते, जरी मार्व्हलचे चित्रपट त्यांनी खालच्या अक्षरांवर नजर ठेवूनच पाहिलेले असतात.