स्वस्त रायफल नेमकी कुठे तुटते? इन्सासकडे पुन्हा बघताना

तुमच्यापैकी किती जणांच्या सिनॉप्सिसच्या शीर्षकात ‘लो-कॉस्ट’ हा शब्द आहे? लो-कॉस्ट ड्रायर, लो-कॉस्ट सेन्सर, लो-कॉस्ट कृत्रिम पाय. शब्द छान दिसतो, गाईडनाही आवडतो. मग कमिटीतलं कुणीतरी शांतपणे विचारतं, “स्वस्त म्हणजे कशाच्या तुलनेत? किती नग काढल्यावर? आणि किती दिवस टिकल्यावर?” बरेच जण तिथेच गप्प होतात.

आज हा शब्द एका रायफलवर तपासून बघू. रायफलच का? कारण इथे ‘स्वस्त’चा हिशोब चुकला तर ग्राहक तक्रार करत नाही, माणूस मरतो. आणि ही रायफल आपल्याच राज्यात कागदावर उतरली, पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीईमध्ये, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रास्त्र संशोधन प्रयोगशाळेत. ती म्हणजे ५.५६ मिलिमीटरची इन्सास.

थोडक्यात इतिहास

१९८०च्या दशकाच्या मध्यात ठरलं की सैन्यासाठी ५.५६ कॅलिबरची स्वदेशी रायफल करायची. पायदळाला लाखोंनी लागणारी वस्तू, त्यामुळे परदेशातून कायम विकत घेणं परवडणारं नव्हतं. रायफल, कार्बाईन आणि लाइट मशिनगन असं कुटुंबच ठरलं होतं. काम लांबलं. मधल्या काळात, १९९० ते ९२ मध्ये, जुन्या रायफली बदलायच्या म्हणून एके जातीच्या सुमारे एक लाख रायफली बाहेरून घ्याव्या लागल्या. इन्सास १९९८च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात दिसली आणि १९९९मध्ये कारगिल झालं.

या दोन सालांमधलं अंतर लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

“नक्कल आहे हो सगळी!”

इन्सासवरची सगळ्यात लोकप्रिय टीका ही. एकेसारखा लांब पिस्टन आणि फिरता बोल्ट, एफएएलसारखा गॅस रेग्युलेटर, कॉकिंग हँडलची जागा जर्मन रायफलींसारखी. म्हणजे इकडून-तिकडून उचललं आणि जोडलं, म्हणून फसलं.

मला ही टीका आळशी वाटते. शस्त्रांच्या रचनेत उचलणं हाच नियम आहे. जी यंत्रणा लाखो वेळा चालून सिद्ध झाली ती घेणं शहाणपणाचं असतं. तुम्हीही लिटरेचर रिव्ह्यू करून हेच करता. शिवाय या टीकेतून काहीच भाकीत करता येत नाही. ‘नक्कल आहे’ एवढ्यावरून रायफल कुठे बिघडेल हे सांगता येतं का? नाही ना? मग ते स्पष्टीकरण नाही, तो राग आहे. संशोधनात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या.

तक्रारी कुठे आल्या ते बघा

कारगिलनंतर ज्या तक्रारी सार्वजनिक झाल्या त्यात रायफल अडकणं होतं, नेमबाजाच्या डोळ्यांकडे तेल उडणं होतं, तीन गोळ्यांच्या बर्स्टवर ठेवलेली रायफल सलग सुटणं होतं. पण सगळ्यांना आठवते ती एकच तक्रार: थंडीत मॅगझिनला तडे जात होते.

इन्सासचं वीस गोळ्यांचं मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकचं. कल्पना चांगलीच आहे. किती गोळ्या उरल्या ते सैनिकाला दिसतं, वजन कमी, आणि साच्यातून धडाधड काढता येतं. दुसरीकडे एकेचं रिब असलेलं लोखंडी मॅगझिन रिकामंच साधारण ३३० ग्रॅमचं. पाठीवर असली चार-पाच घेऊन डोंगर चढा, मग प्लास्टिकचं आकर्षण कळेल.

पण मॅगझिन म्हणजे गोळ्या ठेवायचा डबा नव्हे. त्याच्या वरच्या कडा, ज्यांना ओठ म्हणतात, त्या प्रत्येक गोळीला ठराविक कोनात धरून ठेवतात. तो कोन जरासा बदलला की गोळी चेंबरकडे जाण्याऐवजी कडेला अडकते. म्हणजे अख्ख्या रायफलची विश्वासार्हता तिच्या सर्वात स्वस्त, सर्वात जास्त हाताळल्या जाणाऱ्या आणि सर्वात जास्त वेळा दगडावर आपटणाऱ्या भागावर उभी असते.

आता थंडी. प्लास्टिकमधल्या लांब साखळ्या गारव्यात हलायच्या बंद होतात. आपटल्यावर जी ऊर्जा एरवी थोडं वाकण्यात जिरते, ती भेग वाढवण्यात जाते. त्यात बंदुकीचं तेल. काही प्लास्टिकं ताणाखाली असताना तेल-सॉल्व्हंट लागलं तर लवकर तडकतात. पुरवठादाराच्या डेटाशीटवर आघातशक्तीचा जो ठळक आकडा असतो तो बहुतेक वेळा २३ अंश सेल्सिअसचा असतो. टायगर हिल ५,०६२ मीटरवर आहे. तिथली रात्र २३ अंशांची नसते.

म्हणून “प्लास्टिक होतं म्हणून तुटलं” हेही अर्धवट उत्तर आहे. ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑगचं मॅगझिनही पारदर्शक प्लास्टिकचं आणि ती रायफल १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून चालते आहे. प्रश्न कोणतं प्लास्टिक, भिंत किती जाड, कोपरे किती गोल आणि चाचणी कोणत्या तापमानाला, असा विचारायचा. आता ते दोन सालांमधलं अंतर आठवा. मोठ्या प्रमाणावर हाती आलेली वस्तू एक हिवाळा नीट बघून, सुधारून परत येण्याआधीच बर्फात लढाईला गेली. पुढे २००१मध्ये सुधारित १बी१ आवृत्ती आली. ही सुधारणा वाईट नव्हती, उशिरा होती.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. १९४१ची ब्रिटिश स्टेन गन स्वस्त शस्त्राचं जगप्रसिद्ध उदाहरण. पत्रा, नळी, वेल्डिंग. तिची मार्क थ्री आवृत्ती तर लाइन्स ब्रदर्स या खेळणी करणाऱ्या कंपनीने काढली. तिचा बदनाम भाग कुठला? मॅगझिन. ३२ गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये सैनिक मुद्दाम दोन-चार कमी भरायचे. वेगळा देश, वेगळं धातुकाम, बिघाडाची जागा तीच. याला म्हणतात भाकीत करणारं स्पष्टीकरण.

वालीवच्या गाळ्यात उभं राहून

आता स्वस्ताईचा दुसरा भाग. मी एव्हरशाईन सिटीत राहतो. इथून वालीव-सातिवलीकडे गेलात की प्रेस आणि मोल्डिंग मशिनचे गाळे सुरू होतात. अशा कुठल्याही गाळ्यात विचारा, “हा तुकडा केवढ्याला पडतो?” समोरचा आधी विचारेल, “किती नग?”

का, ते साध्या गणितात बघा (आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत). साचा दहा लाखांचा. एक लाख नग काढले तर साच्याचा भार नगामागे १० रुपये. पाचशेच काढले तर २,००० रुपये. दाणा तोच, मशिन तेच. म्हणजे ‘किंमत’ हा वस्तूचा गुण नाही, वस्तू आणि संख्या यांच्या जोडीचा गुण आहे.

आणि स्वस्त प्रक्रिया म्हणजे सोपी प्रक्रिया नव्हे. कलाश्निकोव्हची रायफल १९४९मध्ये पत्रा दाबून केलेल्या रिसिव्हरसहच आली होती. नाकारले जाणारे नग इतके निघाले की सोव्हिएत कारखान्यांना अख्खा पोलादी ठोकळा कोरण्याच्या महागड्या पद्धतीकडे वळावं लागलं. पत्र्याचा रिसिव्हर जमून एकेएम आली ती १९५९मध्ये. दहा वर्षं लागली, ती रायफल शोधायला नव्हे, ती स्वस्तात करायला शिकायला.

“सैनिकाने नीट साफ केली नाही”

ऑगस्ट २००५मध्ये नेपाळच्या कालिकोटमध्ये माओवाद्यांशी लढताना नेपाळी सैन्याचे ४३ जवान मारले गेले. नेपाळी सैन्याने इन्सास नीट चालली नाही असं म्हटलं. भारताच्या बाजूने उत्तर आलं की हाताळणी आणि देखभाल बरोबर नसेल, हवं तर प्रशिक्षण देऊ.

दोन्ही बाजूंना आपापला फायदा होता, हे आधी नोंदवा. मग विचारा, देखभालीचा मुद्दा खरा धरला तरी रायफल सुटते का? लाखो हातांत जाणारं हत्यार चिखलात, पावसात, झोप न झालेल्या माणसाकडून वापरलं जाणार हे डिझायनरला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. जी देखभाल प्रत्यक्षात होणारच नाही ती गृहीत धरणं हाही डिझाइनचाच दोष. तुमच्या लो-कॉस्ट वॉटर फिल्टरचा कँडल दर आठवड्याला घासायचा असेल आणि गावात कुणी घासत नसेल, तर “युजर एरर” लिहून मोकळं होऊ नका.

पन्नास हजारांचा आकडा

आता ताजं उदाहरण. जानेवारी २०२१मध्ये एआरडीई आणि महूच्या इन्फन्ट्री स्कूलने मिळून केलेलं ‘अस्मी’ हे ९ मिलिमीटरचं मशिन पिस्तूल जाहीर झालं. रायफल नव्हे, पण स्वस्ताईचा दावा तोच. चार महिन्यांत तयार, भाग थ्रीडी प्रिंटिंगने घडवलेले, आणि उत्पादन खर्च नगामागे ५० हजार रुपयांच्या आत.

२०२४मध्ये सैन्याच्या नॉर्दर्न कमांडने ५५० अस्मींची ऑर्डर हैदराबादच्या लोकेश मशिन्सला दिली. करार ४.२६ कोटींचा. भागून बघा: नगामागे साधारण ७७ हजार.

लगेच “बघा, खोटं बोलले!” असं लिहू नका. उत्पादन खर्च आणि कराराची किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत. किमतीत कर, नफा, तपासणी, जोडसामान असं बरंच येऊ शकतं. मधे तीन वर्षं गेली. आणि ५५० हा आकडा छोटा आहे, वरचं साच्याचं गणित आठवा. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. माझी टीका वेगळी आहे: पहिला आकडा संख्येशिवाय सांगितला गेला, आणि आपण सगळ्यांनी तो तसाच उचलला.

‘चार महिने’ या आकड्याचंही तेच. जानेवारी २०२४मध्ये एआरडीईचीच ७.६२ मिलिमीटरची ‘उग्रम’ रायफल समोर आली तेव्हा शंभर दिवसांच्या आत तयार झाल्याचं कौतुक झालं. प्रोटोटाइप वेगाने होणं खरोखर चांगलं आहे, इन्सासला लागलेली वर्षं बघता तर फारच. पण शंभर दिवसांत वर्षाचे सगळे ऋतू येत नाहीत. रायफलीला एक पावसाळा आणि एक हिवाळा बघावाच लागतो.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

‘लो-कॉस्ट’ शब्द काढू नका. त्याच्या शेजारी तीन गोष्टी लिहा. एक, किती नगांवर हा खर्च धरलाय. दोन, सर्वात वाईट परिस्थिती कोणती आणि त्या परिस्थितीत चाचणी कधी होणार, तारखेसकट. तीन, तुमच्या वस्तूचं ‘मॅगझिन’ कोणतं, म्हणजे सर्वात स्वस्त, सर्वात जास्त हाताळला जाणारा आणि तुटला तर सगळंच बंद पाडणारा भाग कोणता.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच येत नसेल तर डिझाइन अजून कागदावरच आहे असं समजा. इन्सासचे डिझायनर काही कच्चे नव्हते, बाकीची यंत्रणा त्यांनी विचार करूनच निवडली होती. तरी बर्फात त्यांची परीक्षा घेतली ती सर्वात हलक्या तुकड्याने, आणि त्या वेळी रायफल हातात दुसऱ्याच कुणाच्या तरी होती.

तुमचा ‘मॅगझिन’ भाग कोणता वाटतो ते कळवा. पुढच्या वेळी डेटाशीट कशी वाचायची यावर बोलू, २३ अंशांच्या त्या बारीक अक्षरांपासून सुरुवात करून.