ऐकणारा नट आणि राष्ट्रीय पुरस्कार

गेल्या उन्हाळ्यात मी एक साधी यादी करायला बसलो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत अभिनयाची पारितोषिकं १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाली. नट-नटींच्या पारितोषिकांना तेव्हा 'भरत' आणि 'ऊर्वशी' अशी नावं होती. पहिल्या वर्षीचे मानकरी उत्तमकुमार आणि नर्गिस. तिथून पुढे एकेक वर्ष घेत मी नट, नटी, चित्रपट आणि भाषा असे चार रकाने भरत गेलो. भाषेच्या रकान्यात मराठी कधी येते, एवढंच मला पाहायचं होतं. पानं उलटत गेली, पण मराठी काही येईना. स्मिता पाटील दोनदा आल्या, 'भूमिका' आणि 'चक्र'साठी. नाना पाटेकर 'क्रांतिवीर'साठी आले. हे तिन्ही चित्रपट हिंदी. मराठी चित्रपटातल्या कामासाठी प्रमुख अभिनेत्याचं पारितोषिक पहिल्यांदा मिळालं ते २००८ सालच्या यादीत, 'जोगवा'साठी उपेंद्र लिमये यांना. अभिनेत्रीसाठी २०१० उजाडावं लागलं. 'बाबू बँड बाजा'साठी मिताली जगताप यांना ते मिळालं, तेही विभागून. म्हणजे १९६७ ते २००७ ही एकेचाळीस वर्षं दोन्ही यादीत मराठी चित्रपट नाही.

आपले चित्रपटच कमी पडले, असं यावर कुणी म्हणेल. ते खरं नाही. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं तेच आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. त्यानंतर पन्नास वर्षांनी, २००३च्या यादीत, 'श्वास' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. मधल्या काळात 'सामना', 'सिंहासन' आणि 'उंबरठा' यांना मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून गौरवलं गेलं. चित्रपट दिल्लीपर्यंत पोहोचत होते. त्यातली माणसं मात्र पोहोचत नव्हती.

'श्यामची आई'च्या बाबतीत नियमच आडवा होता. १९५४मध्ये ते पदक दिलं गेलं तेव्हा अभिनयाचं पारितोषिकच नव्हतं. वनमालाबाई त्याआधी सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये रुखसाना होत्या. पडद्यावरची ही देखणी, राजस स्त्री कोकणातल्या एका दरिद्री घरातली आई झाली आणि कुणाला ते उपरं वाटलं नाही. पण पदक गेलं चित्रपटाला. साने गुरुजींच्या पुस्तकाची पुण्याई मोठी होतीच. तरी पुण्याई पडद्यावर आपोआप उतरत नाही, ती कुणीतरी अंगावर घ्यावी लागते. असो. तिथे तक्रार करायला जागा नाही.

तक्रार १९७४पासून सुरू होते.

जब्बार पटेलांचा 'सामना' मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. सभागृहातले पंखे इतका आवाज करत होते की निम्मे संवाद अंदाजाने ऐकावे लागले. गेलो होतो डॉ. लागूंसाठी. स्वातंत्र्यलढ्यातून आलेला, दारूने पोखरलेला मास्तर आणि त्याचा तो एकच प्रश्न, मारुती कांबळेचं काय झालं. तेंडुलकरांनी हा प्रश्न असा पेरलाय की चित्रपट संपल्यावरही तो डोक्यात वाजत राहतो. त्या रात्री मीही लागूंबद्दलच बोलत घरी आलो. निळू फुले 'नेहमीसारखे छान' होते, असं मी म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं.

या 'नेहमीसारखे'ने निळूभाऊंचा घात केला. १९६८च्या 'एक गाव बारा भानगडी'पासून त्यांचा खलपुरुष महाराष्ट्राच्या इतका अंगवळणी पडला की तो अभिनय आहे, हेच लोक विसरले. माझी आजी त्यांचं पोस्टर दिसलं की पदर सावरायची. आज नकलाकार वाड्यावर बोलावणारं ते एक वाक्य घोगऱ्या आवाजात म्हणतात आणि तेवढ्यात निळू फुले संपतात. त्या वाक्यात 'सामना'चा हिंदुराव धोंडे-पाटील कुठेच बसत नाही. हिंदुराव ओरडत नाही. साखर कारखाना, सोसायटी, अख्खा गाव ज्याच्या मुठीत आहे त्याला आवाज चढवायची गरजच काय? तो पाहुण्याचं अगत्य करतो. रस्त्यावर सापडलेल्या एका दारुड्या म्हाताऱ्याला घरी आणतो, त्याला खाऊपिऊ घालतो. तो हे का करतो, याचं उत्तर संहितेत अर्धंच आहे. उरलेलं अर्धं निळूभाऊंच्या चेहऱ्यावर आहे. कुतूहल आहे, थोडी करमणूक आहे, आणि आपल्याला न घाबरणारा माणूस पहिल्यांदाच भेटल्याचं एक चमत्कारिक सुखही आहे.

पुढे मी 'सामना' पुन्हा पुन्हा पाहिला. एकदा ठरवून लागूंकडे न पाहता पाहिला, म्हणजे मास्तर बोलत असताना नजर फक्त हिंदुरावावर ठेवून. करून पाहण्यासारखा प्रयोग आहे. मास्तर बोलतो आणि हिंदुराव ऐकतो. ऐकता ऐकता त्याच्या पापण्या थोड्या जड होतात, मान एका बाजूला किंचित कलते. उत्तर येतं ते अर्ध्या श्वासाने उशिरा. त्या अर्ध्या श्वासात हिशोब असतो. या माणसाला विकत घ्यायचं, की संपवायचं, की जवळ ठेवायचं? आणि हा हिशोब दर वेळी थोडा चुकत जातो, हे हिंदुरावालाही कळत जातं. मला 'सामना'ची खरी गोष्ट ही वाटते. मास्तरचा प्रश्न बाहेरून ठोठावतो, पण दार आतून उघडतं ते हिंदुरावाच्या ऐकण्यामुळे.

हे ऐकणं निळूभाऊंकडे आलं लोकनाट्यातून. ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले, 'कथा अकलेच्या कांद्याची'ने नावारूपाला आले. वगात बतावणी रंगते ती समोरच्याचं वाक्य झेलण्यावर. पाठ केलेलं वाक्य घेऊन उभा राहणारा सोंगाड्या दुसऱ्याच खेळाला उघडा पडतो. पुढे 'सखाराम बाइंडर'ने त्यांना तेंडुलकरांची भाषा दिली. 'सामना'त या दोन्ही तालमी एकत्र आल्या. लागूंचा अभिनय शब्द घडवणारा, निळूभाऊंचा शब्द मुरवून घेणारा, आणि दोघांनी एकमेकांना पुरेपूर जागा दिली.

'सामना' मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत दाखवला गेला. १९७४चं अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं साधू मेहेर यांना, 'अंकुर'साठी. एक तांत्रिक गोष्टही इथे सांगायला हवी. सहायक अभिनेत्याचं पारितोषिक राष्ट्रीय पुरस्कारांत आलं ते १९८४च्या चित्रपटांपासून. त्याआधी नायक नसलेल्या नटाला स्वतःचा वेगळा रकानाच नव्हता. हिंदुरावाला कुठे बसवायचं हा प्रश्न परीक्षकांना पडला असेल की नाही, कोण जाणे. पण रकाना नसला की त्यात बसणारं माणूसही दिसेनासं होतं, हा आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कचेरीतला अनुभव आहे.

यादीतल्या एका गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबलो. 'अंकुर'मधला साधू मेहेर यांचा किश्तय्या मुका-बहिरा आहे. 'सिंहासन' १९७९चा. त्या वर्षीचं पारितोषिक नसीरुद्दीन शाह यांना 'स्पर्श'मधल्या अंध मुख्याध्यापकासाठी मिळालं. 'श्वास'च्या वर्षी ते विक्रम यांना मिळालं, 'पितामगन'साठी. स्मशानात वाढलेला आणि जवळजवळ न बोलणारा माणूस त्यांनी त्यात उभा केला होता. तिन्ही कामं अस्सल आहेत. 'स्पर्श'मधला नसीर तर मी विद्यार्थ्यांना आजही दाखवतो. यातल्या कुणाचं पारितोषिक काढून घ्या, असं मी म्हणत नाही. पण मराठीचा चित्रपट गौरवला गेला आणि नट मागे राहिला, त्या सुमारास अभिनयाचं पारितोषिक तिन्ही वेळा दुरूनही दिसणाऱ्या शारीर भूमिकेला गेलं.

आधी मला वाटायचं, दोष भाषेचा आहे. हिंदुरावाच्या बोलण्यातला कोल्हापूर-साताऱ्याकडचा मुलामा, 'मास्तर' म्हणतानाचा आदर आणि त्याच्या तळाशी असलेली थट्टा, हे सगळं पडद्याखालच्या इंग्रजी ओळींत कुठून उतरणार? पण हे कारण टिकत नाही. १९७३मध्ये पी. जे. अँटनी यांना मल्याळम 'निर्माल्यम'साठी पारितोषिक मिळालं, १९७५मध्ये एम. व्ही. वासुदेव राव यांना कन्नड 'चोमन दुडी'साठी. तिथे भाषा आड आली नाही. मात्र अँटनींचा वेलिचप्पाड शेवटी देवीसमोर स्वतःचं कपाळ फोडून घेतो आणि वासुदेव रावांचा चोमा डफासारखी दुडी बडवत मरतो. भाषा न कळणाऱ्यालाही हे थेट भिडतं. 'जोगवा'त उपेंद्र लिमये यांनी जोगत्याची साडी नेसून पुरुषाची कोंडी अंगाने उभी केली. मराठीची एकेचाळीस वर्षांची कोंडी फुटली तीही अशाच भूमिकेने, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

माझ्या या मताला छेद देणारी उदाहरणं आहेत, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २०११मध्ये 'देऊळ'साठी गिरीश कुलकर्णी यांना पारितोषिक मिळालं. तो केशा बोलघेवडा, भाबडा, आणि त्याची सगळी गंमत बोलीत आहे. पुढच्याच वर्षी 'अनुमती'साठी विक्रम गोखले सन्मानित झाले. परीक्षक मंडळं दर वर्षी बदलतात, त्यांची एकच आवड असते असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. आणि ही केवळ मराठीची कथाही नाही. सत्यजित राय यांच्या 'अपूर संसार'मधून १९५९मध्ये आलेल्या सौमित्र चटर्जींना प्रमुख अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळायला २००६चा 'पदक्षेप' यावा लागला. आत दाबून ठेवणाऱ्या नटाला बंगालमध्येही ताटकळावंच लागलं.

'श्वास'मधल्या अरुण नलावडे यांच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. नातवाच्या डोळ्यांत कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, हे कोकणातल्या एका म्हाताऱ्याला शहरातल्या रुग्णालयात सांगितलं जातं. शिवाय डॉक्टरांचा आग्रह असा की मुलालाही हे सांगितलंच पाहिजे. अशा प्रसंगात नट रडला तर त्याला कोण नावं ठेवणार? नलावडे रडण्याच्या आधीच्या जागेवर थांबतात. सांगितलेलं नीट कळलेलं नाही आणि ते विचारायला लाज वाटते, असा खेडवळ माणसाचा जो एक चेहरा दवाखान्याच्या बाकांवर दिसतो, तो त्यांनी धरून ठेवलाय. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेल्यावर तो नातवाला घेऊन रुग्णालयाबाहेर पडतो, त्याला शहर दाखवतो. तिथे पोरगा जग बघत असतो आणि आजोबा पोराचं बघणं बघत असतो. बालकलाकाराचं पारितोषिक अश्विन चितळेला मिळालं आणि ते योग्यच होतं. पण त्या मुलाचा अभिनय ज्या नजरेत पडून मोठा होतो, ती नजर यादीत नाही.

'सिंहासन'मधला दिगू टिपणीसही असाच. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरच्या त्या चित्रपटात अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आहे, लागूंचा दाभाडे आहे, सतीश दुभाषींचा डिकास्टा आहे. या सगळ्यांच्या मधून हिंडणारा एक वार्ताहर म्हणजे निळू फुले. खलपुरुषाचा सगळा साज उतरवून ते इथे फक्त पाहतात आणि ऐकतात. अखेरीस दिगू वेड्यासारखा हसत सुटतो, आणि आधीचे दोन तास त्याने काय काय गिळलंय ते आपल्याला त्या हसण्यात कळतं. 'उंबरठा'तल्या स्मिता पाटीलबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. सुलभा महाजनचं ते सुधारगृहातलं ताठ, हट्टी, कधी कधी न आवडणारं वागणं 'चक्र'मधल्या अम्मापेक्षा मला अधिक धाडसाचं वाटतं. राष्ट्रीय यादीत मात्र आहे ते 'चक्र'.

परीक्षकांवर एवढं बोललो, तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका एकांकिका स्पर्धेत मीही परीक्षक होतो. तीन दिवसांत तेवीस एकांकिका झाल्या. अभिनयाचं पहिलं बक्षीस आम्ही फेफरं येणाऱ्या मुलाची भूमिका करणाऱ्याला एकमताने दिलं. त्याच एकांकिकेत बापाचं काम करणारा एक मुलगा होता, जेमतेम वीस वाक्यांचा. निकालानंतर तो माझ्याकडे आला आणि खाली बघत म्हणाला, "सर, माझं काय कमी पडलं?" मी सांगितलं, "तुझं काही नाही रे, भूमिकेला वाव नव्हता." पुढे त्या एकांकिकेचं चित्रीकरण माझ्या हाती आलं. फेफऱ्याचा प्रसंग खरा वाटत होता तो बापामुळे. पोराचे हात वाकडे व्हायच्या क्षणभर आधी बाप हातातला पेला खाली ठेवत होता. त्याला कळत होतं, आता येणार. मी पहिल्या रांगेत बसून ते पाहिलं नव्हतं.

त्या मुलाने नंतर नाटक सोडलं. आता तो एका पतसंस्थेत आहे, केस पांढरे झालेत. या लेखासाठी 'सामना' पुन्हा लावला तेव्हा मी त्याला घरी बोलावलं. मास्तरच्या एका लांब बोलण्याला त्याने हात वर करून मला थांबवायला लावलं. पडद्यावर हिंदुराव नुसता बसलेला होता. तो म्हणाला, "सर, मागे घ्या जरा. बघा, हे स्वतःच्या वाक्याची वाट बघत नाहीयेत."

आम्ही तो प्रसंग पुन्हा लावला.